बा शोंगा खरं बोलले तेव्हा

झांबियातल्या एन्डोला शहराचा इतिहास बा कबासोंना विचारला, तर तो त्यांच्या बॉयलरपासून सुरू होतो. त्याआधी इथं जंगल होतं, गुलामांचे व्यापारी एका मोठ्या झाडाखाली बाजार भरवायचे, मग रेल्वे आली, मग तांबं शुद्ध करायचा कारखाना आला, हे सगळं त्यांना मान्य आहे. पण ते सांगताना ते असा काही हात हलवतात, की ही सगळी मंडळी बॉयलर यायच्या आधी जागा झाडून ठेवायला आली होती असं वाटावं.

"पासष्ट साली बॉयलर बसला," ते म्हणतात, "आणि मग याला शहर म्हणायला लागले."

बॉयलर साबणाच्या कारखान्यातला. त्याच्या वाफेवर कढयांमध्ये तेल आणि चरबी शिजायची, निळ्या साबणाच्या हातभर लांब वड्या निघायच्या आणि चिफुबू वस्तीच्या बाजारात बायका त्या तारेने कापून तुकड्यांवर विकायच्या. पुढे त्याच रस्त्यावर कुणी ब्लँकेटं विणायला लागलं, कुणी टायर बनवायला, कुणी मोटारी जोडायला. सकाळी सहाला सगळे भोंगे एकापाठोपाठ वाजायचे. एकतीस वर्षं बा कबासो त्या बॉयलरपुढे उभे होते. मग शहाण्णव साल आलं. सरकारने कारखाने विकायला काढले, बाहेरून स्वस्त माल आला, परदेशातल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे आले. ब्लँकेटच्या शेडमध्ये चर्च भरायला लागलं, आणि साबणाच्या कारखान्याला कुलूप लागलं.

माणूस कामावरून सुटला, पण काम माणसातून सुटलं नाही. त्यानंतरची बारा वर्षं बा कबासोंनी चिफुबूतल्या प्रत्येक धुराला गुण देण्यात घालवली. शेजारीण दारात कोळशाच्या शेगडीवर मक्याच्या पिठाची उबवाली घोटत असली, की हे कुंपणावरून डोकावणार.

"हवा कमी पडतेय, बाई. तुझी शेगडी गुदमरलीय."

"बा कबासो, तुम्ही जेवायला येताय की तपासणीला?"

"धूर बघ, धूर. धूर खोटं बोलत नाही."

शेजारणीने झाकण आपटलं, की तपासणी संपली असं समजायचं.

त्यांचा जिवलग म्हणजे बा शोंगा. हे त्याच कारखान्याच्या फाटकावर वेळ लिहून घ्यायचे. बा कबासो बेंबा आणि बा शोंगा न्गोनी. दोन्ही जमातींच्या आजे-पणज्यांनी एकमेकांची डोकी फोडली होती. त्या लढायांचं पुढे थट्टेचं नातं झालं. बेंबा आणि न्गोनी भेटले, की एकमेकांना वाटेल ते बोलायचं आणि समोरच्याने रागवायचं नाही. जो रागावला तो हरला. अंत्ययात्रेतसुद्धा ही सूट आहे. बेंबा मेला की न्गोनी येऊन शवपेटीपुढे ओरडणार, "ऊठ रे आळशा, अजून किती झोपशील!" आणि घरचे रडता रडता हसणार.

तेव्हा रोज सकाळी फाटकावर असं चालायचं:

"आला का माकडखाऊ? आज न्याहरीला शेपूट होतं की नुसतेच कान?"

"उंदीरखाऊ, तू आधी मिशीला लागलेलं पुसून ये. आणि वेळ नीट लिही. तुमच्याकडे बारापुढचे आकडे शिकवत नाहीत म्हणे."

एकतीस वर्षांत बा शोंगा बा कबासोंबद्दल एक चांगला शब्द बोलल्याचं कुणालाही आठवत नाही. बा कबासोंच्या लग्नात त्यांनी नवरीला सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "बाई, अजून बस सुटली नाहीये."

दोन हजार आठ साली कारखाना पुन्हा उघडायचं ठरलं. नवे मालक आले आणि त्यांचे व्यवस्थापक म्हणून इजिप्तहून हातेम साहेब आले. साहेब इंजिनियर होते, सरळ आणि टापटिपीचे. कानावर पडलेलं प्रत्येक वाक्य ते वहीत उतरवत. मी तेव्हा तिथं नवी मापकं बसवायच्या कामावर होतो. त्यांच्या वहीत माझ्या नावापुढे "बडबड्या, पण जोडण्या पक्क्या" असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे.

बॉयलरच्या नळ्या बदलल्या. सरकारी तपासनीस आला, पाण्याचा दाब देऊन बघितला आणि पसंतीचा शिक्का मारून गेला. आता तो चालवायला माणूस हवा होता. असला दगडी कोळशाचा जुना बॉयलर हाताळलेले लोक शहरात फार उरले नव्हते. हातेम साहेबांनी जुन्या कामगारांची यादी मिळवली आणि फाटकावर पुन्हा रुजू झालेल्या बा शोंगांना बोलावलं.

"हे कबासो. यांना ओळखता?"

"त्याला कोण ओळखत नाही, साहेब!" बा शोंगा खुशीत आले. "त्याला बॉयलरजवळ फिरकू देऊ नका. तो वाफेवर माकडं शिजवायचा. अर्धा कोळसा घरी न्यायचा, अर्धा वेळ झोपायचा. बॉयलर अजून जाग्यावर आहे तो देवाच्या कृपेने."

तिथं उभे असलेले आम्ही चौघे पोट धरून हसलो. हातेम साहेब हसले नाहीत. ते लिहीत होते.

इकडे बा कबासोंनी जुना डांगरी सूट धुऊन इस्त्री केला होता. बूट तीनदा पॉलिश केले. निरोप येणार याबद्दल त्यांना इतकी खात्री होती, की त्यांनी शेजारणीला बजावून ठेवलं, "सोमवारपासून तुझ्या शेगडीकडे मला बघता येणार नाही. तुझं तू बघ."

सोमवारी फाटकावर यादी लागली. बा कबासोंनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. बॉयलरच्या कामापुढे "जाहिरात द्यावी" असं लिहिलं होतं. त्यांनी एका कारकुनाला विचारलं. कारकुनाने साहेबांच्या वहीत काय आहे ते सांगून टाकलं: चोरी, झोप आणि कामाच्या जागी माकडं शिजवणं.

बा शोंगा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांचा चेहरा कोळशाच्या राखेसारखा झाला. बा कबासोंनी त्यांच्याकडे बघितलं. आणि मग ते हसले. हसायलाच हवं होतं, दुसरा मार्गच नव्हता.

"छान होतं," ते म्हणाले. "माकडं वाफेवर शिजवायची, हे नवीन आहे. पूर्वी कधी बोलला नव्हतास."

ते घरी गेले आणि मंगळवारी कुंपणावरून डोकावले नाहीत. बुधवारीही नाही. गुरुवारी शेजारीण फाटकावर आली आणि बा शोंगांना म्हणाली, "माझी शेगडी आज इतकी धुरावली, की गल्लीला खोकला आला. म्हातारा बाहेर बसला होता. बघितलंसुद्धा नाही त्याने. तुम्ही काय केलंत?"

बा शोंगा तसेच उठले आणि हातेम साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. टोपी हातात होती.

"साहेब, कबासोइतका चांगला बॉयलरवाला या शहरात नाही."

साहेबांनी वहीची पानं मागे उलटली. "पाच दिवसांपूर्वी तुम्ही म्हणालात की तो चोर आहे."

"ती थट्टा होती."

"मग चोर नाही?"

"नाही."

"झोपायचा?"

"कधीच नाही. साहेब, मी न्गोनी आहे, तो बेंबा आहे. आम्हाला तसं बोलावं लागतं."

"कुणी सांगितलंय बोलायला?"

बा शोंगांनी आजोबा, लढाया, शवपेट्या सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही त्याच्याबद्दल तीस वर्षं खोटं बोललात. मग आजचं खरं कशावरून? मित्रासाठी माणूस खोटं बोलतोच. मला दुसरा साक्षीदार आणा. तुमच्या जमातीचा नको. तोही थट्टा करील. आणि त्याच्या जमातीचा नको. तो भावाची बाजू घेईल."

आता आली पंचाईत. कारखान्यात निम्मे लोक पूर्वेकडून आलेले न्गोनी, निम्मे उत्तरेकडून आलेले बेंबा. बा शोंगांनी दुपारपर्यंत शोध घेतला. ज्याला विचारावं तो एक तर बा कबासोंचा भाचा निघे, नाहीतर तोंड उघडताच "माकड" म्हणे. शेवटी त्यांची नजर फाटकाबाहेर भाजलेली कणसं विकणाऱ्या बाना चिसेंगांवर पडली. बाना चिसेंगा लांबा जमातीच्या. मुळात ही जमीनच लांबा लोकांची. बाकीचे सगळे रेल्वेबरोबर कामाला म्हणून आलेले, आणि आल्यापासून लांबा लोकांनाच गावंढळ म्हणून हसणारे.

"मी कशाला येऊ?" त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं तीस वर्षं माझ्यासमोर भांडताय. मला कधी कुणी विचारलं नाही, बाना चिसेंगा, तुमचं काय मत आहे?"

"आज विचारतोय."

"कणसं जळतील."

"मी बघतो कणसं."

"तुम्ही? तुम्ही खाल."

पण त्या आल्या. खुर्चीवर बसल्या, पदर ओढावा तसं कमरेला गुंडाळलेलं चितेंगेचं कापड सारखं केलं आणि हातेम साहेबांच्या पहिल्याच प्रश्नावर म्हणाल्या, "कबासो मला आवडत नाही. फार शहाणपणा शिकवतो. माझ्या कणसांनासुद्धा हवा कमी आहे म्हणतो."

बा शोंगांनी डोळे मिटून घेतले.

"पण कामाचं विचाराल, तर माझं घर या भिंतीच्या मागे. कारखाना बंद पडेपर्यंत एकवीस वर्षं माझी कपड्यांची दोरी तुमच्या धुराड्याखाली होती. कबासोची पाळी असली, की मी पांढऱ्या चादरी वाळत घालायचे. दुसऱ्यांची पाळी असली, की फक्त नवऱ्याची कामाची विजार. सहा लेकरं झाली मला, साहेब. दुपटी किती असतील, तुम्हीच विचार करा. आठवड्याच्या पाळ्या कशा बदलतात ते तुमच्या कचेरीच्या आधी मला ठाऊक असायचं."

"एकदाही काळा धूर नाही?"

"एकदा. सत्त्याऐंशी साली. त्याचा मुलगा दवाखान्यात होता त्या दिवशी."

हातेम साहेबांनी पेन खाली ठेवलं. काळा धूर म्हणजे न जळता वाया गेलेला कोळसा, आणि आमचा कोळसा देशाच्या दुसऱ्या टोकाहून रेल्वेने येतो. हे साहेबांना कुणी समजवायची गरज नव्हती. ते एवढंच म्हणाले, "त्यांना उद्या बोलवा. तीन महिने, आणि दोन पोरांना शिकवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बा कबासो इस्त्रीच्या डांगरीत फाटकावर आले. आत शिरले नाहीत. सरळ बा शोंगांपुढे उभे राहिले.

"ऐकतोय की तू साहेबांपुढे माझं कौतुक केलंस."

"केलं."

"इतका चांगला बॉयलरवाला शहरात नाही म्हणालास?"

"म्हणालो."

बा कबासोंचा आवाज खाली गेला. "खरं सांग. मागच्या महिन्यात माझं रक्त तपासलं, तुझी पुतणी त्या दवाखान्यात कामाला आहे. काय बोलली ती? किती दिवस आहेत माझे?"

"अरे, काही नाही झालेलं तुला!"

"मग असं का बोललास? माणूस घाबरतो की!"

बा शोंगांनी हजेरीची वही उघडली आणि त्यांचं नाव लिहिलं. "नाही बोलणार परत," ते म्हणाले. "जा आत. सात मिनिटं उशीर झालाय तुला."

बा कबासो आत गेले. त्यांनी बॉयलरभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाण्याची काच पुसली, मी बसवलेल्या नव्या मापकाकडे परक्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं, आणि जाळीवर लाकडाचा एवढासा जाळ केला. शेगडीवर चहा होईल इतकाच.

हातेम साहेब घड्याळ बघत आले. "वाफ किती वाजता?"

"उद्या."

"उद्या? कढया भरून ठेवल्यात मी!"

"बारा वर्षं अंथरुणावर पडलेल्या माणसाला उठल्या उठल्या पळवणार का तुम्ही? आज नुसतं कोमट करायचं. घाई केली तर सांधे गळतील. आणि साहेब, तुम्ही हवेच्या वाटेत उभे आहात."

साहेब बाजूला झाले. मग तरातरा फाटकावर आले.

"शोंगा, तो म्हणतो वाफ उद्या. बरोबर आहे का त्याचं?"

बा शोंगांनी मान वर केली. धुराड्यातून जेमतेम दिसेल असा पातळ धूर निघत होता. त्यांनी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

"साहेब, त्याचं मला काही विचारू नका. बाना चिसेंगांना विचारा."