मोरवाली देवी

माझ्या नवऱ्याला रोमन नाण्यांचा नाद कोलोनला आल्यावर लागला. त्यातलं त्याचं सगळ्यांत लाडकं नाणं ब्राँझचं. एका बाजूला कुणी राणी, दुसऱ्या बाजूला ज्यूनो देवी, तिच्या पायाशी मोर. सगळ्यावर गडद हिरवा थर. "हा थर म्हणजेच नाण्याचा जीव," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मला त्याला हात लावायची मुभा नव्हती.

त्या वर्षी दसऱ्याला सासूबाई पुण्याहून आलेल्या. नवरा कामासाठी ब्राउनश्वाइगला गेला होता आणि मी आतल्या खोलीत मीटिंगमध्ये. बाहेर येऊन बघते तर देव्हाऱ्यात, पाटीवरच्या सरस्वतीशेजारी ते नाणं, हळदकुंकू लावलेलं, नव्या तांब्यासारखं लखलखीत.

"अहो आई, हे काय?"

"सरस्वती! मोर दिसत नाही का? कशी हिरवी पडली होती बिचारी. चिंच-मीठ लावून घासली."

त्या प्रसन्न होत्या.

संध्याकाळी नवरा आला, देव्हाऱ्यासमोर उभा राहिला आणि तसाच खाली बसला. सासूबाईंना वाटलं, पोरगा इथे येऊन सुधारला.

"आई, घासलंस?"

"मग? देवाला असं ठेवतात?"

"ही सरस्वती नाही गं. ज्यूनो. रोमन लोकांच्या देवांच्या राजाची बायको."

"मग नवरा कुठाय?"

"तो... इकडेतिकडे असायचा. बायकांच्या मागे."

सासूबाईंनी ताटातलं उरलेलं झेंडूचं फूल उचलून नाण्यापाशी ठेवलं. "मग हिला तर जास्तच गरज आहे," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात नवरा ते नाणं त्याच्या संग्राहकांच्या बैठकीला घेऊन गेला. तिथल्या एका निवृत्त डॉक्टरांनी ते भिंगाखाली बराच वेळ पाहिलं, मग उठून नवऱ्याचा हात हातात घेतला आणि कुणी गेल्यावर म्हणतात ते 'बायलाइड' म्हणाले. कोण गेलं, हे त्यांनी विचारलं नाही. कशाने घासलं ते मात्र विचारलं. चिंच म्हणजे काय, हे समजावण्यात माझ्या नवऱ्याची उरलीसुरली संध्याकाळ गेली.

सासूबाई परत गेल्यावर त्याने नाणं ट्रेमध्ये ठेवून पाहिलं. बाकीच्या हिरव्याकाळ्या मंडळींत ते लग्नाला निघाल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी त्याने पुण्याला फोन केला. "आई, ते नाणं देव्हाऱ्यातून काढलं तर चालेल ना?"

"पूजा झालीय तिची. काढायचीच तर नदीत सोड."

ऱ्हाइन आमच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. पण रोमन वस्तू नदीत टाकायची तर कुठल्या आम्टची, म्हणजे सरकारी कचेरीची, परवानगी लागेल, या विचारानेच त्याने तो बेत सोडला. देवी पुन्हा देव्हाऱ्यात आली. कित्येक शतकांत तिला कुणी फूल वाहिलं नसेल. आता रोज मिळतं. नवरा नास्तिक आहे, असं तो अजूनही सांगतो. फूल तोच ठेवतो.