पाठातला खोकला

माझी मावशी निवृत्त झाली तेव्हाही त्या गावात तिला ‘नव्या बाई’च म्हणत. वीसेक वर्षं तिनं तिथं काढली, केस पिकले, तिच्या हाताखालून गेलेल्या मुलींची मुलं तिच्यापुढं येऊन बसली, तरी ती नवीच. कारण जुने म्हणजे गुरुजी, आणि त्यांची जागा कुणाला द्यायची नाही, असं गावानं न बोलताच ठरवून टाकलं होतं.

गाव खाणीचं. दगड फोडायचा, खडी पाडायची, ट्रक भरायचे, यापलीकडं तिथं दुसरं काम नव्हतं. पांढरी धूळ सगळीकडं. झाडांच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, मुलांच्या पापण्यांवरसुद्धा. दुपारी सुरुंग लागला की शाळेच्या खिडक्या थरथरायच्या आणि फळ्याच्या कडेवरचे खडू खाली पडायचे. शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत मोठे सर पहिली-दुसरी घेऊन बसत. मुख्याध्यापक तेच, कारकून तेच, घंटा वाजवणारेही तेच. दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. ती गुरुजींची खोली. गुरुजी आयुष्यभर तिथं शिकवून ऐन दिवाळीच्या सुट्टीत छातीच्या दुखण्यानं गेले, आणि त्यांच्या जागी मावशीची बदली झाली.

जाण्याआधीच तिला सांगितलं गेलं होतं की तिथं फार जीव लावू नका. तिथली मुलं चौथी पास होऊन मोठ्या शाळेत जातात आणि वर्षाच्या आत खाणीवर परत येतात. त्यांचं डोकंच चालत नाही, असा सगळ्यांचा समज होता.

पहिल्या दिवशी मावशीनं मुलांना होडीचा पाठ काढायला सांगितला आणि म्हणाली, “वाचा.”

मुलं उठून उभी राहिली. पुस्तकं छातीशी धरली आणि सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघाला. नदीकाठी एक होडी होती. होडी जुनी होती. इथं सगळी मुलं एकदम खोकली. मग, होडीत कुणी बसत नव्हतं. पाठ शेवटपर्यंत गेला. एकही जण अडखळला नाही.

मावशीला आधी वाटलं, धुळीनं मुलांना खोकला झाला असेल. दुसऱ्या दिवशी तोच पाठ म्हणायला लावला. होडी जुनी होती, आणि खोकला. पुढच्या बाकावर एक बारकीशी मुलगी बसायची, तिला सगळे चिमणी म्हणायचे. मावशीनं तिला विचारलं, “बरं नाही का ग?”

“बरं आहे, बाई.”

“मग खोकलीस कशाला?”

चिमणीला प्रश्नच कळला नाही. “तिथं खोकायचं असतं,” ती म्हणाली.

मावशी सांगायची, त्या क्षणी माझ्या पाठीवर कुणीतरी गार हात ठेवल्यासारखं झालं. गेलेला माणूस त्या सगळ्या पोरांच्या गळ्यात बसला होता. म्हणायची लय त्याची, थांबायच्या जागा त्याच्या, दम लागायचा तोही त्याचाच. मधल्या सुट्टीत ती ओट्यावर उभी होती, तेव्हा मागून कुणीतरी म्हातारा समजावणीच्या सुरात बोलला, “गप बसा रे लेकरांनो, गप बसा.” तिनं दचकून मागं बघितलं. चिमणी पहिलीतल्या मुलांना रांगेत बसवत होती.

मग मावशीनं फळ्यावर एकच शब्द लिहिला. नदी. कुणाला वाचता येईना. होडी लिहिलं, तेही नाही. पुस्तकं उघडायला लावून ती बाकांमधून फिरली. कुणाचं पान भलतंच होतं, एकानं तर पुस्तक उलटं धरलं होतं आणि पाठ मात्र सुलट म्हणत होता. अख्ख्या खोलीत अक्षर लावून वाचणारी मुलं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मुलांची डोकी उत्तम चालत होती. चिमणीला अख्खं पुस्तक पाठ होतं. फक्त त्या काळ्या खुणांचा आणि तोंडातल्या शब्दांचा काही संबंध आहे, हे तिला आजवर कुणी दाखवलंच नव्हतं.

मावशीनं मोठ्या सरांना हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “बाई, आवाज चालू आहे ना, तोवर शाळा चालू आहे. तुम्ही दमानं घ्या.”

मावशीनं दमानं घेतलं नाही. बाक भिंतीला लावले आणि जमिनीवर सतरंज्या टाकल्या. ज्यांना अक्षरं लागत नाहीत ते एका सतरंजीवर, ज्यांना शब्द लागतो ते दुसऱ्या, ज्यांना वाक्य जमतं ते तिसऱ्या. तिसरी-चौथी असा भेद ठेवलाच नाही. जमलं की उठायचं आणि पुढच्या सतरंजीवर जायचं. प्रत्येकाजवळ ती रोज थोडा वेळ बसायची. मुलानं आपल्या मनातलं काहीतरी सांगायचं, तिनं ते जसंच्या तसं पाटीवर लिहायचं, आणि मुलानं ते बोट ठेवून वाचायचं. एकजण म्हणाला, “माझ्या बाबांचा अंगठा खाणीत गेला.” मावशीनं लिहिलं. त्यानं ‘अंगठा’वर बोट ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही. चिमणीचं पहिलं वाक्य होतं, “आई झोपेत बोलते.” ते तिनं दिवसभर पाटीवरून पुसू दिलं नाही.

खोली शांत झाली. शांत म्हणजे कुजबुजती. प्रत्येकजण आपापल्या शब्दाशी झटत असायचा. पण पाठ मुलांच्या अंगातून जाईना. गणितासाठी खडी मोजता मोजता कुणीतरी नकळत गुणगुणायला लागायचं, दुसरा त्यात सूर मिळवायचा, आणि बघता बघता सगळी खोली होडीच्या पाठात वाहून जायची. थांबवलं की मुलं झोपेतून उठल्यासारखी बघायची.

आणि मागच्या खिडकीत एक बाई उभी राहायची. दुपारच्या सुरुंगानंतर धूळ खाली बसत असताना गजांपलीकडं तिचा चेहरा दिसायचा. वयस्कर, हलत नसलेला. मावशी जवळ जाईपर्यंत ती निघून गेलेली असायची.

मोठ्या सरांनी सांगितलं, “गुरुजींच्या घरच्या. मागंच राहतात. पाठ ऐकायला येतात. मूलबाळ नाही. येऊ दे, काय बिघडतं?”

मावशीनं स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता हे मला सांगितलं तेव्हा सुरी बाजूला ठेवली होती. म्हणाली, “ती बाई रोज नवऱ्याला ऐकायला येत होती ग. आणि मी रोज त्याला त्या पोरांच्या तोंडून काढत होते.”

गावातही कुरकुर सुरू झाली. गुरुजींच्या वेळी शाळेचा आवाज थेट खाणीपर्यंत यायचा. घण मारता मारता बापाला कळायचं की पोरगं शिकतंय. त्या बापांना वाचता येत नव्हतं, त्यामुळं आवाज हाच त्यांचा पुरावा. तो बंद पडल्यावर एक ट्रकवाला शाळेत येऊन म्हणाला, “नव्या बाई पोरांना नुसत्याच बसवून ठेवतात म्हणे.” मावशीनं त्याच्या मुलाला उभं केलं. मुलानं पाटीवरची एक ओळ अडखळत, घाम गाळत वाचली. ट्रकवाल्याचा चेहरा पडला. “आधी तर घडाघडा म्हणायचा,” तो म्हणाला आणि निघून गेला.

एक दिवस खिडकीतली बाई दारातून आत आली. पोरं उठून उभी राहिली. सगळ्यांची ती काकूच होती.

“आज पाठ नाही?” काकूंनी विचारलं.

“चालू आहे, काकू. वेगळ्या पद्धतीनं घेतेय.”

“होडीचा?”

“तो नाही.”

काकू सतरंज्यांकडं बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “आठवड्यातून एकदा घ्याल का? मी मागं बसेन. त्रास देणार नाही.”

मावशी नाही म्हणू शकली नाही. शनिवारी शेवटच्या तासाला काकू यायच्या, दाराजवळच्या स्टुलावर बसायच्या. मुलं उभी राहायची. होडी जुनी होती, यावर खोकला आला की काकूंच्या मांडीवरची बोटं आवळायची. पाठ संपला की त्या मान हलवून निघून जायच्या. मावशीला त्या तासाची धास्ती वाटायची. ती म्हणायची, सोमवार ते शुक्रवार मी शाळेत असायचे आणि शनिवारी कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखी.

तपासणी आली. मोठे सर आदल्या दिवशी म्हणाले, “साहेबांपुढं होडीचा पाठ घ्या. दरवर्षी तोच होतो. साहेब खूश होतात, चहा पितात, जातात.”

“साहेबांना मुलं वाचून दाखवतील,” मावशी म्हणाली.

मुलांनी वाचून दाखवलं. एकेक ओळ, बोट ठेवून, थांबत थांबत. साहेबांनी शेऱ्यात वाचनाचा दर्जा घसरल्याचं लिहिलं. मोठे सर पुढं बरेच दिवस मावशीशी कामापुरतंच बोलले.

तरीही ती थांबली नाही. मुलं एका सतरंजीवरून दुसरीवर सरकत राहिली. आधी शब्द जमले, मग ओळी, मग एकदम बांध फुटल्यासारखं सगळंच. औषधाच्या बाटल्या, ट्रकमागची वाक्यं, दुकानाच्या पाट्या, जे दिसेल ते पोरं वाचत सुटली. चिमणीनं आईला खाणीच्या फाटकावरची पाटी वाचून दाखवली. इतकी वर्षं आई तिच्याखालून जात होती. पाटीवर लिहिलं होतं, आत जाताना नाकातोंडावर कापड बांधावं.

आणि शनिवार बिघडायला लागला. पुस्तकं पूर्वी नुसती छातीशी असायची. आता मुलांची नजर पानावर जाऊ लागली. कुणी एखाद्या शब्दावर रेंगाळायचा, कुणी पुढं पळायचा. एक आवाज होता त्याचे तीन झाले, मग दहा झाले. मावशी ऐकायची आणि काकूंकडं बघायचं टाळायची.

एका शनिवारी होडी जुनी होती इथं पोहोचल्यावर अर्धीच मुलं खोकली. चिमणी तर थांबलीच. तिनं ओळीवर बोट ठेवलं, मागं नेलं, पुन्हा पुढं आणलं.

“बाई,” ती म्हणाली, “इथं खोकला लिहिलेलाच नाही.”

मग बाकीच्यांनीही आपापल्या पानात बघितलं. खरंच नव्हता. एकजण हसला आणि लगेच गप्प झाला. काकू स्टुलावरून उठल्या, दाराच्या चौकटीला धरून क्षणभर थांबल्या आणि गेल्या. पुढच्या शनिवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मावशी त्यांच्या घरी गेली. मनातून तिला घाबरायला झालं होतं. काकूंनी दार उघडलं, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

“रागावलात का?” मावशीनं विचारलं.

“रागावून काय करू? ऐकायला यायचे, ते आता नाही. एवढंच.” मग काकू आपणहून म्हणाल्या, “त्यांना ठाऊक होतं.”

“काय?”

“पोरांना वाचता येत नाही हे. एका खोलीत सत्तर पोरं होती तेव्हा. चारही वर्ग एकत्र. एकाजवळ जाऊन बसले की बाकीची पळायची खाणीवर. सगळी एका सुरात म्हणत असली की बसून राहायची. म्हणून आवाज थांबू द्यायचे नाहीत. म्हणायचे, एकदा शाळेची सवय लागू दे, मग वाचायला शिकवतो. ते मग कधी आलंच नाही. आणि दुसरे शिक्षक आले तोवर यांच्या छातीत दम उरला नव्हता. दुपारी घरी आले की जेवत नसत. मी विचारायचे, आज काय झालं? तर म्हणायचे, आज सगळ्यांनी छान म्हटलं.”

मावशीनं हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

“तुम्ही त्यांच्या पोरांना वाचायला शिकवलंत, हे त्यांना आवडलं असतं,” काकू म्हणाल्या. “मला नाही आवडलं.”

त्या वर्षी मोठ्या शाळेत गेलेल्या मुलांपैकी एकच परत आलं, तेही आई आजारी पडली म्हणून. तिथले शिक्षक एकदा मावशीची खोली बघायला आले, सतरंज्या मोजून गेले. पुढच्या तपासणीत साहेबांनी चांगला शेरा दिला आणि मोठ्या सरांनी तो मावशीला दोनदा वाचून दाखवला. ट्रकवाल्यानं शाळेला एक नवी सतरंजी आणून टाकली, कुणाशी काही न बोलता. मावशी मात्र संध्याकाळी खोलीला कुलूप लावताना आत वळून बघत नसे. मी कारण विचारलं होतं. म्हणाली, “तिथं कुणी नाही हे मला माहीत होतं. तेच बघवत नव्हतं.”

पुढच्या थंडीत काकूंचा भाचा त्यांना न्यायला आला. घराला कुलूप लावलं, सामान टेम्पोत चढलं. टेम्पो शाळेजवळच्या वळणावर येऊन थांबला. काकू पुढच्या सीटवर बसलेल्या होत्या, काच खाली केलेली.

मावशीनं खिडकीतून ते पाहिलं आणि मुलांना म्हणाली, “उठा. होडीचा पाठ म्हणा. पूर्वी म्हणायचात तसा.”

मुलं उठली. एकमेकांकडं बघायला लागली. चिमणीनं सुरुवात केली, बाकीचे मागून आले. शब्द सगळे बरोबर होते. पण लय कुणालाच सापडेना. कुणी वाचत होतं, कुणी नुसतं आठवत होतं, आणि मोठ्या सरांच्या खोलीतून वर आलेल्या ज्या पोरांनी गुरुजींना फक्त भिंतीपलीकडून ऐकलं होतं, ती दुसऱ्यांच्या तोंडाकडं बघून ओठ हलवत होती. तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत कसंबसं गेलं आणि ज्याचं त्याचं वेगळं झालं.

काकूंनी ऐकून घेतलं. मग भाच्याला काहीतरी म्हणाल्या आणि टेम्पो निघाला.

“बाई, काकू कुठं गेल्या?” चिमणीनं विचारलं.

“भाच्याकडं.”

“परत येणार?”

मावशीला माहीत नव्हतं. तिनं तसंच सांगितलं आणि मुलांना पाट्या घ्यायला लावल्या.