गोजाक्काच्या भावाचं ग्रीक

अजिनाथला ग्रीक येत नव्हतं. ग्रीकमधली आकारांची नावं तेवढी येत होती, तीही मोबाइलवर ऐकून पाठ केलेली. पण शुक्रवार पेठेत त्याने असा आव आणला होता, जणू भूमिती सोलापुरात त्यानेच आणली. त्रिकोणाला 'त्रिगोनो', चौकोनाला 'तेत्रागोनो', वर्तुळाला 'किक्लोस'. त्याच्या शिकवणीची पोरं आरतीसारख्या टाळ्या वाजवत ही नावं घोकायची. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज विचारली, की छताकडे बघायची. आईबाप मात्र खूश. उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि पेठेला खळखळाटच आवडतो.

त्याची थोरली बहीण गोजाक्का नातेपुत्याजवळ मेंढरं राखते. भाचीच्या बारशाला आली आणि तासाभरात विटली. हा गडी चहाच्या बशीकडे बोट दाखवूनही 'किक्लोस' म्हणायचा.

"गप पी की," ती म्हणाली.

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. बाळाला पाळण्याखालून-वरून फिरवून झालं. आत्याच्या पाठीत धपाटे घालायला बायका सरसावल्या, तेवढ्यात अजिनाथ मध्ये घुसला.

"अक्का, एक्सागोनी म्हण."

"म्हंजी?"

"ग्रीक आहे. एक्सागोनो म्हणजे षट्कोन, त्यावरून मी बनवलं. अख्ख्या सोलापुरात असं नाव नाही."

गोजाक्काने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पोरगी हाय का फरशी?"

बायका खो खो हसल्या. बाळंतीण राजनंदिनी तेवढी हसली नाही. 'वैजयंती' हे नाव तिने दिवस गेल्यापासून मनात धरलं होतं. नवऱ्याने ते जुनाट म्हणून झटकून टाकलं होतं. नणंद आल्या आल्या तिने तिच्या कानावर घातलं होतं. आता ती नुसती नणंदेच्या तोंडाकडे बघत होती. पोरीला जन्मभर पुरायचं ते तिथूनच निघणार होतं.

अजिनाथचा चेहरा लाल झाला. "तू सातवी शिकलेली," भरल्या घरात तो बहिणीला म्हणाला. "तुला काय कळतंय त्यातलं?"



"व्हय, सातवीच," गोजाक्का म्हणाली. "फुडं शिकायची लई हौस हुती मला. पर तुला हितं शिकाय ठेवला, आन् मेंढरामागं कुणीतरी पायजे हुतं, म्हून मला शाळंतनं काढली. मला वाटायचं, मी न्हाय तर न्हाय, भाऊ तरी शाना हुईल. आन् त्यातनं ह्ये निपजलं!"

अजिनाथ पाळण्यापासून बाजूला सरकला.

गोजाक्का पाळण्यावर वाकली. कानात कुर्रर्र करून तिने नाव मात्र साऱ्या घराला ऐकू जाईल असं घेतलं. "वैजयंती!" पाठीत धपाटे पडले, राजनंदिनीने पदर डोळ्यांना लावला.

धपाटे थांबले तरी गोजाक्का वाकलेलीच होती.

"शीक गं बाई, लई शीक," ती पोरीला म्हणाली. "बापाएवढ्यावर थांबू नगंस."