शालनमावशीची डुगडुगणारी खुर्ची

आमच्या कंपनीत मशीनवर मोबाईल नेता येत नाही. पहिली पाळी सुटली, लॉकर उघडला, तर फोन आत एकटाच थरथरत होता. सत्तावीस मेसेज... माझ्या लग्नाच्या वाढदिवसालाही एवढे येत नाहीत. पहिल्यात लिहिलं होतं, 'मावशी गेली.' दुसऱ्यातही तेच, तिसऱ्यातही तेच. तळेगावच्या, चाकणच्या कारखान्यांतून, लोणावळ्याच्या हॉटेलांतून, जो तो आपापल्या कामावरून हेच दोन शब्द पाठवत होता आणि 'कुठली मावशी?' असं एकानंही विचारलं नव्हतं. मी लॉकरसमोरच्या बाकावर बसलो. बूट बदलायचे होते, ते तसेच राहिले.

कामशेतला पोचलो तर घरासमोर सगळ्या रंगांचे युनिफॉर्म. निळे, करडे, हॉटेलातली काळी जाकिटं, एक पोरगी तर डोक्याला स्वयंपाकघरातली जाळीची टोपी तशीच घालून आली होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "मावशी आत्ता उठली असती, तर पहिलं विचारलं असतं, रजा टाकून आलाय का दांडी मारून?" रडणारी माणसं खुदकन हसली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं. तिच्या दारात हसल्याशिवाय कुणी कधी गेलंच नव्हतं.

ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शालनमावशी माझी नात्यानं कुणीच नव्हती. नवरा लवकर गेला म्हणून ती कारखान्यात पॅकिंगला लागली, बाहेरून दहावी केली, आणि पुढे दुसऱ्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात बसली ती निवृत्त होईपर्यंत. टाइम ऑफिस म्हणजे गेटलगतची खोली. हजेरी, पास, पाळ्या, सगळं तिथं. त्या खिडकीतून तिला रोज गेटबाहेर उभी असलेली पोरं दिसायची. हातात प्लास्टिकची फाईल, तोंडावर घाम, आणि कुणाला काय विचारायचं याचा पत्ता नाही. निवृत्त झाल्यावर पुढच्याच रविवारी तिनं घराच्या पडवीत एक टेबल टाकलं, दोन खुर्च्या मांडल्या आणि गावात सांगितलं, की कामाला लागायचं असेल त्यानं दहा वाजता यावं. क्लासला नाव नव्हतं. फी नव्हती. उशिरा येणाऱ्याला मात्र चहा नव्हता.

पडवीच्या भिंतीवर तिनं खाकी कागद जोडून एक मोठा जिना काढला होता. खालच्या पायरीवर हेल्पर, वर ऑपरेटर, त्याच्यावर मशीन जुळवून देणारा सेटर, पुढे सुपरवायझर. शेजारी दुसरा जिना हॉटेलचा, तिसरा गोदामाचा. प्रत्येक पायरीपाशी तिच्या गिचमिड अक्षरात लिहिलेलं, की इथून वर जायला काय शिकावं लागतं आणि ते कुठं शिकवतात. नवा माणूस आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुला काय येतं?" आणि उत्तरही ठरलेलं, "काई न्हाई." मग ती खोदायला लागायची. भुशी डॅमच्या वाटेवर कणसं विकणारी एक पोरगी आली होती. तीही म्हणाली, काई न्हाई. मावशीनं विचारलं, "गिऱ्हाईक कुठलं असतं?" पोरगी म्हणाली, "मुंबईचं, गुजरातचं, कुटलंबी." "बोलतीस कसं?" "ज्याच्या त्याच्या भाषेत." "भांडलं तर?" "हसून परत पाठवते, म्हंजे पुन्हा येतंय." मावशी म्हणाली, "अगं, एवढं शिकायला लोकं हॉटेलच्या कॉलेजात जातात!" आज ती पोरगी लोणावळ्यातल्या एका मोठ्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे आणि माझ्याशी मात्र हसून बोलत नाही.

माझी कथा एवढी चमकदार नव्हती. मी परंदवडीचा. आयटीआयला मशिनिस्ट झालो, मार्क चांगले, हात चांगला, तोंड मात्र शिवलेलं. तीन मुलाखतींत नापास झालो. साहेबानं काही विचारलं की मी त्याच्या टेबलाकडे बघत राहायचो. वडिलांनी लोणावळ्याच्या एका बंगल्यावर राखणदाराचं काम बघून ठेवलं होतं. वाईट काम नव्हतं ते. पण मला लेथवर उभं राहायचं होतं. लोखंडाचा तो गोल, चकचकीत धागा निघताना बघून मला जे वाटतं, ते अजूनही नीट सांगता येत नाही... शेवटी वडिलांशी बोली झाली. आणखी एक मुलाखत. ती गेली तर मुकाट्यानं बंगल्यावर जायचं. त्या मुलाखतीच्या आदल्या रविवारी मी मावशीच्या पडवीत उभा राहिलो.

तिची खोटी मुलाखत खऱ्याहून भयंकर असायची. चष्मा लावून, चेहरा दगडासारखा करून ती टेबलामागे बसली आणि समोरच्या लाकडी खुर्चीकडे बोट केलं. मी बसलो आणि खुर्ची एका बाजूला कलंडली. सावरलो, तर दुसरीकडे डुगडुगली. मी उजवा पाय जमिनीत रोवला, मांडी ताठ केली आणि वीस मिनिटं तसाच बसलो. मांडी थडथड उडत होती. तिनं काय विचारलं, मी काय बोललो, देव जाणे. शेवटी तिनं चष्मा काढला.

"खुर्ची हलत होती का रं?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाईस?"

"म्हटलं, तुमची खुर्ची... कसं बोलायचं?"

"आन् उद्या मशीन हलली तर? कंपनीची मशीन, कसं बोलायचं? असंच पाय रोवून हुबा ऱ्हाशील?"

मग तिनं मला 'खुर्ची हलते' हे वाक्य पाच वेळा म्हणायला लावलं. पहिल्यांदा पुटपुटून, मग मोठ्यानं, मग रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल असं. पाचव्यांदा शेजारच्या तांदळाच्या दुकानातून आवाज आला, "कळलं रं बाबा!" मावशी एवढी हसली की तिला ठसका लागला.

खऱ्या मुलाखतीत त्यांनी एक गोळा आणि व्हर्नियर दिलं आणि व्यास मोजायला सांगितलं. मी सवयीनं आधी व्हर्नियरचे जबडे मिटून पाहिले, तर शून्याला शून्य जुळत नव्हतं. पूर्वीचा मी असतो, तर मनातल्या मनात तेवढा फरक वजा करून गप्प बसलो असतो. मांडी ताठ झाली... आणि तोंडातून आलं, "सर, हे व्हर्नियर चुकीचं दाखवतंय." टेबलापलीकडच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी ते मुद्दाम दिलं होतं की त्यांनाही माहीत नव्हतं, हे मला आजवर कळलेलं नाही. पण अप्रेंटिस म्हणून त्यांनी मला घेतलं. मी धावत कामशेतला गेलो. मावशीनं इंद्रायणी तांदळाचा वाफाळता भात वाढला, वर तूप सोडलं आणि विचारलं, "बोललास ते ठीक. आवाज रस्त्यापर्यंत गेला का?"

पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा मला वाटलं, मावशीला काहीतरी द्यावं. साडी नको, मिठाई नको, हाताचं काहीतरी. इथं मी माती खाल्ली. मला ती खुर्ची आठवली. बिचारी, एवढी माणसं मार्गी लावते आणि हिची खुर्ची दुरुस्त करायचं कुणाला सुचत नाही! एका रविवारी लवकर जाऊन, ती आत चहा टाकत असताना, मी खुर्ची उलटी केली आणि माप घेतलं. एक पाय बरोबर दोन सूत, म्हणजे पाव इंच, आखूड होता. मग फोरमनला विचारून, भंगारात जाणारा पितळी रॉडचा तुकडा घेऊन, मी त्या पायासाठी बूट तयार केला. तळ दोन सुताचा, आतून असा घट्ट की अंगठ्यानं दाबला की बसावा. घासून घासून आरशासारखा केला. पुढच्या रविवारी गुपचूप बसवला आणि मागे उभा राहिलो.

त्या दिवशी आलेली सगळीच्या सगळी पोरंपोरी खुर्चीवर देवासारखी शांत बसली. मावशी चकित. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा दगड वितळायला लागला. ती मला कानात म्हणाली, "ही बॅच लय धीराची हाय रं!" चहाच्या वेळी टेबलामागून उठून ती स्वतः त्या खुर्चीवर बसली. पुढे झाली. मागे झाली. उठली, वाकून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी छाती पुढे काढून उभा होतो.

"कुणी केलं हे?"

"मी! विकतचं न्हाई मावशी, मशीनवर केलंय."

"काढ ते. माझी परीक्षाच मोडून ठेवलीस, शहाण्या!"

तेव्हा मला कळलं. तो पाय तिनं स्वतः करवतीनं कापला होता. ती पॅकिंगला होती त्या कारखान्यात, त्याचं आता नावनिशाणही नाही, एक मशीन काही दिवस थरथरत होतं. सगळ्या बायांना माहीत होतं. कुणी बोललं नाही, मावशीही नाही. नवी नोकरी, कसं बोलायचं... एका सकाळी शेजारी उभ्या असलेल्या बाईचं बोट गेलं. एवढं सांगून मावशीनं माझ्या हातातला बूट घेऊन उन्हात धरला. "हात चांगला हाय तुझा. खुर्ची उलटी करणारा तू पयला. माप बी घेतलंस. पण पाय झिजलाय का कापलाय, एवढं बघितलं न्हाईस. आखूड कशानं झाला, ते इचारलंच न्हाईस." मी मशिनिस्ट. करवतीचा सरळ छेद माझ्या नाकासमोर होता. कानाची पाळी तापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

बूट तिनं परत दिला नाही. तो टेबलावर गेला आणि अर्जांचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर बसला. मी सुट्टीच्या रविवारी मदतीला जायला लागलो. बहुतेक जण मांडी ताठ करून बसायचे. काही जण धीर करून बोलायचे, त्यांना मावशी शाबासकी द्यायची. एकानं वर्तमानपत्राची घडी करून पायाखाली सरकवली, त्याला पाहुण्यांच्या कपात चहा मिळाला. पण मावशी वाट बघत होती ती वेगळ्याच कुणाची तरी. "एकानं तरी कशानं ते इचारावं रं," ती म्हणायची, "त्याला मी सरळ ह्या बाजूला बसवीन आन् आपण तंगड्या पसरून झोपीन."

मागच्या महिन्यात शेवटचं भेटलो तेव्हा ती आतल्या खोलीत पडून होती. रविवारी मी पोरांना त्या खुर्चीवर बसवून नुसते अर्ज भरून घेत होतो, मुलाखत काही घेत नव्हतो. बोलताना धाप लागत होती, पण डोळे तसेच मिश्कील. रविवारचं सगळं विचारलं. कोण आलं, कोण लागलं, कोण चहाला मुकलं. मग म्हणाली, "इचारलं का कुणी?" मी नकारार्थी मान हलवली. "तुमी बऱ्या व्हा. इचारंल की कुणीतरी." ती म्हणाली, "मी नसले तरी बी इचारंलच की. तू फक्त खुर्ची नीट करू नकोस." आम्ही दोघं हसलो. ते हसणं अजून माझ्यापाशी आहे.

ती गेल्यावर तिच्या मुलानं, तो पुण्याला असतो, पडवीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "दादा, बघा जमलं तर." मला जमेल असं वाटत नव्हतं. मी तीन मुलाखतींत नापास झालेला माणूस, मी काय दुसऱ्याची मुलाखत घेणार? दोन रविवार कुलूपच होतं. तिसऱ्या रविवारी गेलो ते टेबल पुसून, कागद आवरून बंद करायच्या विचारानं. तर दारात एक पोरगी उभी. आफ्रीन नाव, वडिलांचं स्टेशनजवळ टू-व्हीलरचं गॅरेज. तिला कंपनीत क्वालिटीला, म्हणजे माल तपासायच्या कामाला, लागायचं होतं. म्हणाली, "मावशींचा क्लास हितंच ना? अब्बा म्हणले होते, दहाला यायचं." घड्याळात दहाला पाच कमी होते. आता हिला परत कसं पाठवणार?

मी मावशीच्या जागेवर बसलो. चेहरा दगडासारखा करायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. ती बसली, डुगडुगली आणि लगेच उठली.

"सर, ही हलतीय."

"हं," मी म्हणालो.

तिनं माझ्या परवानगीची वाट पाहिली नाही. खुर्ची उलटी केली, गुडघ्यावर बसली आणि चारी पायांवरून बोट फिरवलं. एका पायापाशी थांबली. मी टेबलावरून पुढे झुकलो.

"हा झिजलेला न्हाई, सर. कुणीतरी कापलाय. कशाला कापला असंल?"

माझ्या तोंडभर हसू आलं. ती तोवर इकडे तिकडे बघत होती. तिची नजर टेबलावर गेली, अर्जांवर ठेवलेल्या पितळी तुकड्यावर. तिनं तो उचलला, आत डोकावून पाहिलं, पायाला लावला आणि अंगठ्यानं दाबला. इतक्या वर्षांनीही तो तसाच बसला. आफ्रीननं खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर ऐसपैस टेकली.

"हां सर," ती म्हणाली, "इचारा आता."

मी उठलो आणि म्हटलं, "ती खुर्ची राहू दे. तू ह्या बाजूला येऊन बस."