शुभेच्छुकांमागची खानावळ

सविताताईंनी आमच्या चौकात खानावळ काढली आणि त्यांच्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी दारावर भलामोठा फ्लेक्स टांगला. त्यावर हात जोडलेले अण्णा, भाऊ आणि तमाम शुभेच्छुक होते. जेवणाबद्दल एक अक्षर नव्हतं. खानावळीची पाटी आणि अर्धं दार मात्र झाकून गेलं होतं.

दुपार टळली. आत पिठलं-भाकरी गार होत होती, गिऱ्हाईक एकही नाही. तेवढ्यात एक ट्रक ड्रायव्हर नेमका फ्लेक्सखाली थांबला आणि मला म्हणाला, "भाऊ, इथं जवळपास जेवायला कुठं मिळंल?"

मला आधी हसू आलं, मग संताप. आपण दुकान थाटतो तेही पुढाऱ्यांच्या समाधानासाठी! जो पोटात भूक घेऊन येणार, त्याला आत काय मिळतं हे सांगायची आठवण कोणालाच राहत नाही.

ताईंनी तो प्रश्न ऐकला. सुरी घेऊन त्या तडक स्टुलावर चढल्या.

"अगं, अण्णा नाराज होतील!" नवरा ओरडला.

"होऊ देत. आले का ते जेवायला?"

दोऱ्या तुटल्या, फ्लेक्स खाली आला. ड्रायव्हरने बिचकत आत डोकावलं. "हे पक्षाचं ऑफिस नाही होय?"

"नाही," ताई म्हणाल्या, "हात धुऊन घ्या."