चौथ्या मजल्यावरची बाबागाडी

बाबागाड्या विकता विकता मला चौदा वर्षं झाली. बिश्केकच्या बाहेरच्या मोठ्या बाजारात माझे एकावर एक रचलेले दोन कंटेनर आहेत. खालच्यात दुकान, वरच्यात माल आणि मधे लोखंडी जिना. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे. जी बाई रोज गाडी ढकलणार असते, ती गाडी घ्यायला कधीच येत नाही. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही घेणं आमच्यात अशुभ, म्हणून सगळी धावपळ नंतर. आणि नंतर बाळंतीण चाळीस दिवस उंबऱ्याच्या आत. पाळणा आणि गाडी माहेरहून जायची असते, म्हणून तिची आई येते. विहिणीने पाठवलेला फोटो मला दाखवते, मी तशी गाडी काढते आणि ती पैसे देऊन घाईघाईने निघून जाते. ह्यात बाळ झोपणार कसं, हे कोणी विचारत नाही. मीही सांगायच्या फंदात पडत नाही.

शारिपा एजे आली तो मार्च महिना होता. मोठ्या बहिणीसारख्या बाईला आम्ही एजे म्हणतो, पण हिला बघून कोणाला मायेचा उमाळा आला असता असं नाही. साठीची बाई, पायात पुरुषी बूट, कपाळावर आठ्या आणि छातीशी दुलईत गुंडाळलेलं काहीतरी. मी धसकलेच.

"अहो एजे, चाळीस दिवस तरी होऊ द्यायचे! एवढ्या थंडीत कशाला आणलंत बाळाला?"

"पीठ आहे," ती म्हणाली. "पाच किलो. माझी नात जवळजवळ एवढीच भरते. ह्याला झोपवून दाखव."

मी फोटो मागितला. तिने तो हात लांब करून दाखवला, जसं कोणी मेलेला उंदीर दाखवतं. पांढरीशुभ्र चामड्यासारखी गाडी, सोनेरी चाकं, अंड्यासारखा आकार. माझ्याकडे तशा तीन होत्या. खरं सांगायचं तर माझं घर त्याच गाडीवर चालतं.

"एकदम खपाचा माल आहे," मी एक पुढे ओढली. "परवाच दोन गेल्या. रस्त्यात लोक वळून वळून बघतात."

"लोकांना झोपवायचंय का ह्यात?"

तिने पिठाचं गाठोडं आत ठेवलं. ते मधे दुमडून गोळा झालं. "बघ. एवढुशा बाळाची हनुवटी अशी छातीला टेकली तर ते श्वास कुठून घेणार, तुझ्या सोनेरी चाकांतून? पाठ सपाट हवी. आणि म्हणे चौदा वर्षं दुकान!"

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू? पण ती तोवर दारातल्या चिखलात गुडघे टेकून ब्रेक तपासायला लागली होती. "एकच चाक अडतंय. उतारावर ही गाडी गर्रकन फिरेल आणि निघेल."

"इथे कुठे आलाय उतार?"

"बाई गं, मी सव्वीस वर्षं ट्रॉलीबस चालवली ह्या गावात. उतार कुठे आहे ते मला नको सांगूस."

ट्रॉलीबसचं नाव निघालं आणि मला ती आठवली! सात नंबरची शारिपा. बाबागाडी घेऊन एखादी बाई थांब्यावर दिसली की ही बस थांबवायची, दारं उघडायची आणि भोंग्यावरून ओरडायची, "ए खिडकीजवळचे दोघे धटिंगण, उतरा आणि गाडी उचला! नाहीतर इथेच मुक्काम." लोक शिव्या द्यायचे, मागच्या बसेस ठणाणा करायच्या, पण गाडी चढल्याशिवाय सात नंबर हलायची नाही. एकदा डेपोच्या साहेबांनी बोलावून तंबी दिली, वेळापत्रक कोण पाळणार म्हणून. हिने किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही पाळा." दुसऱ्या दिवशी साहेबांनी माणूस पाठवून तिला परत बोलावलं. नवरा लवकर गेला होता, मुलगी पहिलीत होती, तरी तिने किल्ली ठेवली होती. अशी बाई माझ्यासमोर चिखलात बसून माझ्या मालाला नावं ठेवत होती.

"ही उचलायला किती जड?" तिने विचारलं.

"सतरा किलो. मजबूत आहे ना."

ती उठली. गुडघे पुसले नाहीत. "ऐक. माझ्या पोरीचं, सेझिमचं, पोट फाडून बाळ काढलंय. सासर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ही सतरा किलो ती उतरवणार कशी? उतरवायला माणूस लागणार, आणि माणूस कधी द्यायचा ते सासू ठरवणार. म्हणजे माझ्या पोरीने उन्हात जायचं की नाही, हे क्लारा ठरवणार. पोर फोनवर कुजबुजत बोलते हल्ली, स्वतःच्या घरात! मला फोटोतली गाडी नकोय. ती एकटी, कोणाला न विचारता घेऊन बाहेर पडेल अशी गाडी दे."

माझ्या चौदा वर्षांत असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. मी वर गेले आणि मागच्या कोपऱ्यातून एक राखाडी गाडी काढली. तीन वर्षं कोणी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पाठ पाटासारखी सपाट, दांडीजवळ एकच ब्रेक आणि तो दाबला की मागची दोन्ही चाकं अडणारी. एका हाताने मिटते, मिटली की खांद्याला अडकवायला पट्टा. सात किलोची. दिसायला मात्र अगदीच गरीब.

शारिपा एजेने पीठ डाव्या हातावर घेतलं, गाडी उजव्या खांद्याला अडकवली आणि तो लोखंडी जिना चढायला लागली. वर गेली, खाली आली, परत वर. आजूबाजूचे दुकानदार जमले.

"एजे, वरच राहायला जाताय का?" समोरचा मोजेवाला ओरडला.

"तुझे मोजे घालून चढले असते तर एव्हाना अंगठा बाहेर आला असता!"

पाच वेळा चढली. मग पायरीवर बसली, तोंड लालबुंद. "मला जमलं तर तिला जमेल," ती म्हणाली. पैसे देताना वर मलाच हुकूम सोडला, "चाळिसाव्या दिवशी तूही चल. विकलीस ना, मग चार लोकांत तोंड दाखव."

मी गेले. चाळीस चमचे पाणी अंगावर घालून बाळाला न्हाऊ घालून झालं होतं, पाळण्यात बांधून झालं होतं. जमिनीवर लांबलचक पंगत मांडलेली, बोरसोकचा, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचा ढीग, उकडलेल्या मटणाचा वास. दारातच माझा हात कपाळाला गेला. तिथे पांढरी, सोनेरी चाकांची गाडी उभी होती. क्लाराने माहेरची वाट न बघता स्वतःच आणून ठेवली होती, वर लाल रिबीन लावून.

राखाडी गाडी आत आली तशी क्लारा हसली. केसांचा उंच अंबाडा, बोटांत अंगठ्या. "हे काय विहीणबाई, बसच्या भंगारातून उचललीत की काय?"

पंगतीत हशा पिकला. बायका हाताआड नाही, तोंड उघडून हसल्या. जावई तालान्त खाली मान घालून मटण कापत राहिला. सेझिम दाराशी बसून चहा ओतत होती, आमच्या सुना बसतात तशी, सगळ्यांच्या खाली. पांढऱ्या रुमालाखाली चेहरा फटफटीत. चाळीस दिवसांत तिने ऊन पाहिलं नव्हतं, ते दिसतच होतं.

"बस मोडीत गेली, विहीणबाई, मी नाही," शारिपा एजे म्हणाली. "दोन गाड्या आहेत. जिला ढकलायची आहे तिलाच निवडू दे."

"तिला काय कळतंय? आणि ढकलायची कुठे? दुपारी मी खाली नेईन, अंगणात दोन फेऱ्या मारेन. सुनेने रस्त्यावर हिंडायची आमच्याकडे पद्धत नाही."

सासू बोलत असताना सुनेने तोंड उघडायचं नसतं, आणि सेझिमने उघडलंही नाही. तिने किटली खाली ठेवली. उठली, पाळण्याचे पट्टे सोडले, बाळाला दुलईत घेतलं. राखाडी गाडी एका हाताने मिटली, पट्टा खांद्यावर टाकला. पहिल्यांदा नीट बसला नाही, घसरला. मी उठणार तेवढ्यात शारिपा एजेने माझं मनगट दाबून धरलं. सेझिमने पट्टा परत चढवला, बूट घातले आणि ती दाराबाहेर गेली.

"ए, निघालीस कुठे?" क्लारा ओरडली. "चहा कोण ओतणार?"

"तुमचा मुलगा आहे की," शारिपा एजे म्हणाली. "हात धडधाकट दिसतायत त्याचे."

जिन्यावर पावलं वाजत राहिली. मधे थांबली, पुन्हा सुरू झाली. आम्ही सगळ्या खिडकीशी धावलो. खाली सेझिमने गाडी उघडली, ब्रेक लावला, बाळाला उताणं झोपवलं, ब्रेक काढला. अंगणात फेरी न मारता ती सरळ फाटकातून रस्त्याला लागली. डोक्यावरचा रुमाल मागे सरकला होता, तो तिने सारखा केला नाही. शारिपा एजे रडत होती आणि ते लपवतही नव्हती.

"विहीणबाई," क्लाराचा आवाज बसला होता, "ती... परत येईल ना?"

"तिलाच विचारा. आजवर तिला काही विचारलंत का कधी?"

मागे किटलीचा आवाज झाला म्हणून मी वळले. तालान्त सुनेच्या जागेवर, दाराशी बसला होता. त्याने चहा ओतला, वाटी अर्धीच भरली, मानाच्या माणसाला देतात तशी, आणि आईच्या आधी पहिली वाटी शारिपा एजेच्या, आपल्या सासूच्या हातात दिली.