दोन महिने न मळलेली मॅट

नोकरीतले निम्मे खून मी विसरलो आहे आणि दरोड्यांची तर माझ्या डोक्यात सरमिसळ झाली आहे. पण एका मोटारीच्या तळाशी पसरलेली कोरी मॅट अजून डोळ्यांपुढून हलायला तयार नाही. तेव्हा निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि अंबरनाथमधल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. पोट असं सुटलं होतं की ते आधी केबिनमध्ये शिरायचं आणि माझा हुद्दा मागून यायचा. नावं कुणाचीच सांगणार नाही. ज्यांना ओळखायचं ते बरोबर ओळखतील आणि गप्प बसतील.

श्रावणातला सोमवार होता. शिवमंदिराच्या रस्त्यावर एवढी गर्दी की मुंगीलाही बंदोबस्त मागावा लागला असता. भर सकाळी एक नवी हायब्रिड गाडी, पेट्रोलवर आणि बॅटरीवर दोन्हीवर चालणारी, आवाज न करता आली आणि एकाएकी उसळून दिव्याच्या खांबाला धडकली. खांबाचा दगडी ओटा फुटला आणि त्याचा चिरा फुलं विकणाऱ्या एका बाईच्या पायावर पडला. पाय मोडला.

गाडी एमआयडीसीतल्या एका कारखानदाराची. शेठ मंदिरात होते, ड्रायव्हर त्यांना न्यायला येत होता. ड्रायव्हर बदलापूरचा, चाळिशीचा, अठरा वर्षं हातात स्टिअरिंग. आम्ही पोचलो तेव्हा तो जागेवर नव्हता. गाडीजवळ शेठ उभे होते, हातात प्रसादाची पुडी.

"पळाला," शेठ म्हणाले. "प्यायला असेल. लिहून घ्या."

तासाभराने तो पळालेला माणूस सरकारी दवाखान्यात सापडला. त्याच बाईला रिक्षात घालून त्यानेच नेलं होतं, आणि शर्ट तिच्या पायाला गुंडाळल्यामुळे स्वतः बनियनवर उभा होता. श्वासाची तपासणी केली, दारूचा अंशही नाही. त्याची बायको ठाण्याच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिला मी दारूचं विचारलं, तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच प्यायलोय.

"साहेब, दर रविवारी विहारात पंचशील म्हणणारा माणूस आहे हा. पाचवं शील दारूचंच आहे. येत नसेल तर म्हणून दाखवू?"

मी म्हटलं, नको, विश्वास आहे.

पण विश्वासावर तपास चालत नाही. ड्रायव्हर एकच वाक्य धरून बसला होता: "पेडल अडकलं, साहेब." मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली. ॲक्सिलरेटरचं पेडल लोण्यासारखं खाली जात होतं आणि वर येत होतं. अडकण्याचं नाव नाही. पंचनाम्यात आमच्या हवालदाराने आणखी एक ओळ लिहिली होती: गिअर न्यूट्रलमध्ये आढळला. शेठच्या वकिलाने ती ओळ फुलासारखी उचलली. गर्दीत गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा माणूस, म्हणजे शुद्ध बेदरकारपणा. लायसन्स जाणार, नोकरी जाणार आणि वर तुरुंग. बदलापूरचं घर त्या एका लायसन्सवर उभं होतं.

वरिष्ठांचा फोन आला. "साधी केस आहे. ड्रायव्हरवर दोषारोपपत्र टाका आणि मोकळे व्हा."

"माणूस खोटं बोलत नाहीये, सर."

"हे तुम्ही कशावरून ठरवलं?"

"खोटं बोलणारा रोज काहीतरी नवीन सांगतो. हा तीन दिवस एकच सांगतोय."

"तुमची बदली कुठे करू, तेवढं सांगा."

"जिथे चहा बरा असेल तिथे," मी म्हणालो आणि फोन ठेवला. खरं तर त्यांनी आधी ठेवला होता. पण मी ठेवला असं सांगायला आवडतं.

त्या दुपारी पंचनाम्याचे फोटो पुन्हा पसरले. तीनशे वेळा तरी पाहिले असतील. बरं, तीस वेळा. एका फोटोत ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट होती. कोरी करकरीत, वर कंपनीचं प्लास्टिकसुद्धा तसंच. मी हवालदाराला विचारलं, "बाहेर काय आहे?"

"चिखल आहे, साहेब."

"किती दिवस?"

"जूनपासून."

"मग ही मॅट गेल्या दोन महिन्यांत कुठल्या देशात होती?"

ड्रायव्हरला बोलावलं. "गाडीत बूट काढून बसतोस काय रे?"

"नाही, साहेब."

"मग मॅट मळत कशी नाही?"

"वरची मळते ना. खालची शेठ मळू देत नाहीत." हे त्याने अशा सहजतेने सांगितलं, जणू जगात सगळ्याच गाड्यांना दोन मॅट असतात.

आपल्याकडची ही जुनी खोड. सोफा घेतला की त्यावर चादर, चादरीवर टॉवेल. रिमोट पिशवीत. गाडी घेतली की सीटचं प्लास्टिक फाटेपर्यंत काढायचं नाही आणि कंपनीची मॅट खराब होऊ नये म्हणून तिच्यावर दुसरी जाडजूड मॅट टाकायची. खालची मॅट हुकांनी जागेवर धरलेली असते. वरची मोकाट. ती प्लास्टिकवरून पुढे घसरली, तिची कड पेडलवर चढली आणि तिथेच बसली. आणि तिची घडी ब्रेकखाली गोळा झाली, म्हणून ब्रेकही अर्ध्यावर अडला. आता प्रश्न एवढाच, की वरची मॅट गेली कुठे. ड्रायव्हर बाईला घेऊन दवाखान्यात गेल्यावर गाडीत हात घातला तर कुणी अडवणार नाही असा तिथे एकच माणूस होता. हातात प्रसाद असलेला.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये मॅट आणि सीट कव्हर शिवणाऱ्यांच्या गल्लीत मी निरोप सोडला. दुसऱ्याच दिवशी एका सिंधी दुकानदाराचा फोन आला.

"साहेब, माल माझा आहे, चूक माझी नाय. मैंने बोला था, खालची काढा, तभी वरची बसेगी. शेठ बोले, ओरिजिनल आहे, राहू दे. आज वही मॅट लेके आया है. बोलतो, किनार कापून बायकोच्या गाडीत बसवून दे."

"तू काय सांगितलंस?"

"बोला, शाम को आना. साहेब, जल्दी आओ. भाभी गाडी चलाती है."

एवढी सोन्यासारखी मॅट फेकून देणं शेठच्या जिवावर आलं होतं. दोन पंचांसमोर मी ती जप्त केली. तिच्यावर दोन महिन्यांचा चिखल होता आणि एका कडेवर पेडलचा ठसा, बुटाच्या टाचेसारखा स्पष्ट.

मग शेठना ठाण्यात बोलावलं. त्यांचं म्हणणं कायम: मॅटचा काही संबंध नाही, अक्कल असलेला माणूस गाडी थांबवू शकला असता. मी म्हटलं, "बरोबर आहे, शेठ. दाखवा थांबवून."

गाडीचा बंपर फुटला होता, पण ती चालू होत होती. आवारात पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून मागे ओंडके लावले. मोटार वाहन निरीक्षक कागद घेऊन उभे होते. मॅटवर मॅट, होती तशी. शेठ चालकाच्या सीटवर बसले आणि त्यांनी पेडल दाबलं.

काय आवाज केला त्या गाडीने. कल्याणपर्यंत गेला असेल. चाकं हवेत गरगरत होती, ठाणे अंमलदार स्टेशन डायरी छातीशी धरून बाहेर आला. शेठनी पाय उचलला, पेडल उठेना. ब्रेक मारला, अर्ध्यावर अडला. बंद करायचं बटण टिचकी मारल्यासारखं एकदा दाबलं आणि सोडून दिलं. ते तीन सेकंद दाबून धरावं लागतं, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. पुस्तक डिकीत होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं.

"बंद करा कुणीतरी," शेठ म्हणाले. चेहरा भस्म लावल्यासारखा झाला होता.

कोणी हललं नाही. मीसुद्धा नाही, हे कबूल करतो. मग जिन्याजवळ उभा असलेला ड्रायव्हर पुढे आला, खिडकीत वाकला आणि म्हणाला, "शेठ, घाबरू नका. गिअर एनमध्ये टाका. आता बटण दाबून धरा. सोडू नका."

शेठनी टाकलं. चाकांचा जोर गेला. मग गाडी बंद पडली.

निरीक्षकांनी पेन टेकवायच्या आधी माझ्या हवालदाराने पंचनाम्याची ती ओळ पुन्हा वाचली. गिअर न्यूट्रलमध्ये. जिला आम्ही सगळे बेदरकारपणा म्हणत होतो, ती त्या माणसाने गर्दीत, दोन क्षणांत, शुद्धीवर राहून केलेली एकमेव योग्य गोष्ट होती. नंतर फुलवाल्या बाईनेही जबाब त्याच्याच बाजूने दिला: "तो माझ्याकडे येत होता. मग खांबाकडे वळला. मुद्दाम वळला, मी बघितलं."

ड्रायव्हरवर गुन्हा टिकणार नाही, असा अहवाल मी पाठवला. पुरावा लपवल्याबद्दल शेठवर वेगळा गुन्हा दाखल केला. वरिष्ठांनी दोनदा विचारलं, फेरविचार करणार का. मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा विचारलं नाही, सरळ नियंत्रण कक्षात बसवलं. तिथला चहा भिकार होता. पण अहवालातला एक शब्द मी बदलला नाही आणि आजही बदलणार नाही.

या केसने मला एक शिकवलं. जागेवर रक्त, काच, ठसे सगळेच शोधतात. मी त्यानंतर न मळलेली वस्तू शोधायला लागलो. जिथे रोज पाय पडतो तिथे चिखल नसेल, तर कुणीतरी तो पुसला आहे, आणि पुसणारा बहुधा सगळ्यात आधी तक्रार लिहून घ्या म्हणत असतो.

ड्रायव्हर आता बदलापूरला स्वतःची गाडी चालवतो. मागे एकदा मला कर्जतला सोडायला आला. बसताना मी सवयीने खाली पाहिलं. एकच मॅट, हुकात अडकवलेली, चिखलाने माखलेली.

शेठचं म्हणाल तर खटला चालू असतानाच त्यांनी कोर्टात अर्ज केला. मुद्देमालातली मॅट परत मिळावी म्हणून.